नऊ जणांचा ‘अ लव्ह सुप्रीम’

गुरुवार : फिलाडेल्फिया

‘अ लव्ह सुप्रीम’ पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या स्वरापर्यंत सलग, नऊ वादक मिळून वाजवणार, असा कार्यक्रम न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या एका जुन्या चर्चच्या सभागृहात शनिवारी आणि रविवारी होता. पत्रकातला आकडा वाचूनच मी थबकले. अमेरिकन जॅझ वादक जॉन कोल्ट्रेनची ही तबकडी तर चौघांची. टेनर सॅक्सोफोनवर तो स्वतः, पियानोवर मकॉय टायनर, डबल बासवर जिमी गॅरिसन आणि ड्रम्सवर एल्विन जोन्स. ९ डिसेंबर १९६४ च्या एका बैठकीत चौघांनी ती ध्वनिमुद्रित केली, जानेवारी १९६५ मध्ये ती बाजारात आली आणि तेव्हापासून जगभरचे जॅझ ऐकणारे ती चौघांचीच म्हणून ओळखतात.

नऊ कुठून आले याचं उत्तर पत्रकात खालीच दिलं होतं. कोल्ट्रेनचं या रचनेचं हस्तलिखित वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत जपलेलं आहे. त्यात त्याने वाद्यांची यादी केली आहे: टेनर सॅक्सोफोन आणि आणखी एक फुंकवाद्य, पियानो, ड्रम्स, दोन बास, दोन कोंगा (हाताने वाजवायचे उभे ढोल), एक टिंबाली (धातूची ढोलांची जोडी). बेरीज नऊ. तबकडी चौघांची झाली, ही यादी कागदावरच राहिली. खास या दोन संध्याकाळींसाठी जमलेला, नाव नसलेला हा ताफा तबकडीऐवजी कागद समोर ठेवून वाजवणार होता.

अल्बम जसाच्या तसा मंचावर वाजवण्याचे कार्यक्रम मी ऐकले आहेत आणि बहुतेक वेळा नाराज होऊन परतले आहे. मूळ वादकाने त्या क्षणी सुचलं म्हणून घेतलेली तान दुसऱ्याने घोटून पाठ करायची आणि तशीच म्हणून दाखवायची, याला मेहनत लागते हे मान्य. पण जॅझमध्ये त्या तानेची किंमत ती त्या क्षणी सुचली यातच असते. कागदावरून सुरुवात करणारं कुणी भेटतंय म्हटल्यावर मी दोन्ही दिवसांची तिकिटं काढली. आणि जातेच आहे तर ही रचना ज्या घरांतून आणि खोल्यांतून आली त्या जागाही बघायच्या ठरवल्या. म्हणून आधी फिलाडेल्फिया.

नॉर्थ ३३ स्ट्रीटवरचं १५११ क्रमांकाचं घर स्ट्रॉबेरी मॅन्शन नावाच्या वस्तीत आहे. रस्त्याच्या एका बाजूला फेअरमाउंट पार्कची झाडी, दुसऱ्या बाजूला एकमेकांना खेटून उभी असलेली विटांची घरं. कोल्ट्रेनने हे घर १९५२ मध्ये घेतलं आणि आई आणि मावसबहीण मेरी यांच्यासह तो इथे राहिला. हीच ती मेरी, जिच्या नावाने त्याने ‘कझिन मेरी’ बांधली. १९९९ मध्ये घराला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला, पण दर्जाने छप्पर शाकारलं जात नाही. घराची पडझड पुढे बरीच वर्षं चालूच राहिली. बाहेर निळ्या रंगाचा माहितीफलक आहे. तो वाचायला कुणी थांबलेलं मला तरी दिसलं नाही.

माझ्या लेखी ‘अ लव्ह सुप्रीम’ इथे सुरू होते. १९५७ मध्ये ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसने कोल्ट्रेनला हेरॉइनच्या व्यसनापायी आपल्या संचातून काढून टाकलं. तो या घरी परतला आणि याच घरात त्याने व्यसन सोडलं. त्याच वर्षी तो पियानोवादक थेलोनियस मंकबरोबर न्यूयॉर्कला वाजवू लागला आणि पुन्हा माइल्सकडे गेला तो वेगळाच वादक होऊन. तबकडीच्या वेष्टनावर त्याने श्रोत्यांना उद्देशून एक पत्र लिहिलं आहे. १९५७ साली ईश्वरकृपेने आपल्याला जाग आली आणि संगीतातून इतरांना आनंद देण्याची ताकद मिळावी एवढंच आपण मागितलं, असं त्यात आहे. बरेच लोक हे पत्र ओलांडून थेट सुई ठेवतात. मला वाटतं, ते आधी वाचावं. पुढची तेहेतीस मिनिटं त्या पत्राचं उत्तर आहेत.

घरासमोर बघण्यासारखं फार नाही. तरी मी बराच वेळ उभी होते, मग स्टेशनवर जाऊन न्यूयॉर्कची गाडी पकडली.

शुक्रवार : न्यूयॉर्क

सकाळी लेक्सिंग्टन ॲव्हेन्यू आणि ५४ स्ट्रीटच्या कोपऱ्यावर गेले. तिथे सेंट पीटर्स हे ल्यूथरन चर्च आहे. आताची इमारत १९७० च्या दशकातली. शेजारचा उंच सिटीकॉर्प मनोरा उभा करताना जुनं चर्च पाडलं आणि त्याच कोपऱ्यात, मनोऱ्याच्या पायथ्याशी हे नवं बांधलं. जॅझ वादकांशी या चर्चचं जुनं नातं आहे.

कोल्ट्रेन १७ जुलै १९६७ ला गेला. वय अवघं चाळीस. २१ जुलैला याच जागेवरच्या जुन्या चर्चमध्ये त्याचे अंत्यसंस्कार झाले. आल्बर्ट आयलर आणि ऑर्नेट कोलमन या सॅक्सोफोनवादकांनी आपापल्या साथीदारांसह वाजवलं. आणि कोल्ट्रेनचा मित्र, ट्रंपेटवादक कॅल मॅसी याने ‘अ लव्ह सुप्रीम’ ही कविता वाचली.

कविता हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. पत्राबरोबरच वेष्टनावर कोल्ट्रेनची एक दीर्घ प्रार्थना छापलेली आहे, तिचंही शीर्षक तेच. तबकडीचा चौथा भाग, ‘साम’ (इंग्रजी Psalm, म्हणजे स्तोत्र), ऐकताना अनेक वर्षं लोकांना वाटायचं की सॅक्सोफोन मुक्तपणे, लयीच्या बंधनाबाहेर आळवतो आहे. पुढे लुइस पोर्टर या अभ्यासकाने दाखवून दिलं की कोल्ट्रेन ती प्रार्थना वाचतो आहे. शब्दामागून शब्द, अक्षरामागून अक्षर. प्रत्येक अक्षराला एक स्वर. हार्मोनियमवर ओळखीचा अभंग लागला की शब्द आपोआप ओठांवर येतात, तसं हे होऊ शकतं, फक्त आधी अभंग ठाऊक असायला हवा. मला हे कळलं त्या रात्री वेष्टन हातात धरून चौथा भाग पुन्हा ऐकला होता. ‘थँक यू गॉड’ हे शब्द पुन:पुन्हा येतात आणि जवळजवळ दर वेळी सॅक्सोफोन त्याच वळणाने खाली उतरून षड्जावर टेकतो. एकदा ते ऐकू आलं की मग न ऐकणं शक्य नाही.

म्हणून त्या कोपऱ्यावर उभं राहून माझ्या मनात सारखं मॅसीचं वाचन येत होतं. एकदा शब्दांची जागा सॅक्सोफोनने घेतली, आणि अडीच वर्षांनी, सॅक्सोफोन वाजवणारा उरला नाही तेव्हा, पुन्हा शब्द पुढे आले.

दुपारी पावसाने गाठलं. संध्याकाळी सेव्हन्थ ॲव्हेन्यूवरच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’मध्ये गेले. १९३५ पासून चालू असलेला क्लब. जिना उतरून तळघरात जायचं, निमुळत्या होत गेलेल्या खोलीत गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. नोव्हेंबर १९६१ मध्ये कोल्ट्रेनने इथे एरिक डॉल्फीबरोबर सलग काही रात्री वाजवलं आणि त्याच रात्रींच्या ध्वनिमुद्रणात ‘इंडिया’ आहे. रविशंकरांचं संगीत तो तेव्हा मन लावून ऐकत होता. ‘इंडिया’मध्येही दोन बास आहेत, तंबोऱ्यासारखी एकाच स्वराची बैठक धरून राहणारे. कोल्ट्रेनच्या कागदावरचे दोन बास १९६४ मध्ये अचानक उगवले नव्हते, हे मला त्या तळघरात बसल्यावर सुचलं. त्या रात्रीचा कार्यक्रम एका त्रिकुटाचा होता. चांगला झाला, पण माझं लक्ष उद्याकडे होतं.

शनिवार : एन्गलवूड क्लिफ्स, मग हार्लेम

माझा आतेभाऊ न्यू जर्सीत एडिसनला राहतो. तबला शिकलेला आहे, जॅझ फारसं ऐकत नाही. पण संध्याकाळच्या कार्यक्रमाला यायला तयार झाला आणि सकाळी गाडी घेऊन हजर राहिला. जॉर्ज वॉशिंग्टन पूल ओलांडून हडसन नदीच्या पश्चिमेला आलं की कड्यावरच्या वस्त्या लागतात. त्यातल्या एन्गलवूड क्लिफ्समध्ये सिल्व्हन ॲव्हेन्यूवर, झाडांच्या आड ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरचा स्टुडिओ आहे.

खाजगी जागा, त्यामुळे रस्त्यावरूनच पाहिली. गाडी जरा वेगात असती तर दिसलीही नसती. आधी व्हॅन गेल्डर हॅकेनसॅकला आई-वडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रण करायचा. पेशाने तो चष्म्याचे नंबर काढणारा ऑप्टोमेट्रिस्ट. १९५९ मध्ये त्याने ही वास्तू बांधून घेतली. एकोणचाळीस फूट उंच छत, त्याला पेलणाऱ्या लाकडी कमानी, चहूबाजूंनी विटा आणि लाकूड. ध्वनीला वर जायला आणि सावकाश परत यायला जागा मिळते. मायक्रोफोन हाताळताना तो हातमोजे घालायचा आणि आत कुणी खाल्लं-प्यायलेलं त्याला चालायचं नाही.

९ डिसेंबर १९६४ च्या त्या बुधवारी हे चौघे इथे जमले आणि एका बैठकीत चारही भाग झाले. ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. कमी सांगितली जाते ती दुसऱ्या दिवशीची. १० डिसेंबरला कोल्ट्रेनने दोन माणसं वाढवून बोलावली, सॅक्सोफोनवर आर्ची शेप आणि दुसऱ्या बासवर आर्ट डेव्हिस, आणि पहिला भाग सहा जणांत पुन्हा वाजवून पाहिला. तबकडीवर त्याने चौघांचाच घेतला. पण कागदावरची यादी तो विसरला नव्हता, याचा हा सज्जड पुरावा.

पुढे तर ती यादी प्रत्यक्षात उतरायला लागली होती. २६ जुलै १९६५ ला फ्रान्समध्ये अँटीबच्या महोत्सवात चौघांनी ही रचना वाजवली, तिथेच ती लांबली आणि तापली. २ ऑक्टोबर १९६५ ला सिएटलच्या ‘पेंटहाउस’ क्लबमध्ये वाजवली तेव्हा फॅरो सँडर्स आणि कार्लोस वॉर्ड हे आणखी दोन सॅक्सोफोनवादक सोबत होते आणि डॉनल्ड गॅरेट दुसऱ्या बासवर. तेहेतीस मिनिटांची रचना त्या रात्री पंचाहत्तर मिनिटांच्या पुढे गेली. जो ब्राझील या वादकाने केलेली त्याची टेप २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली.

हे सगळं मी गाडीत सांगत होते. भाऊ म्हणाला, “ताई, म्हणजे त्याला स्वतःलाच ती चौघांची पुरत नव्हती.”

अगदी हेच. कोल्ट्रेनने आपल्या हयातीत ही रचना एकदाही जशीच्या तशी वाजवली नाही. मग नंतरच्यांनी तबकडीची नक्कल करून निष्ठा कुणावर दाखवायची? सॅक्सोफोनवादक ब्रॅनफर्ड मार्सालिसने आपल्या चौकडीसह ती पूर्ण वाजवली आहे, लिंकन सेंटरच्या मोठ्या जॅझ वाद्यवृंदाने ती बिग बँडसाठी बांधून घेतली, टर्टल आयलंड क्वार्टेटने व्हायोलिन-चेलोवर आणली. तिन्ही मी ऐकली आहेत. व्हायोलिनवाल्यांची मला सर्वांत जवळची वाटते. त्यांच्याकडे सॅक्सोफोनच नाही, त्यामुळे नक्कल करायची सोयच नव्हती.

संध्याकाळी हार्लेम. सभागृहाचं छत उंच, बाकं लाकडी, खिडक्यांच्या काचा रंगीत. सॅक्सोफोनवर एक चाळिशीची वादिका होती, तीच ताफ्याची प्रमुख. दुसरं फुंकवाद्य म्हणून तिने ट्रंपेट निवडला होता. दोन बासपैकी डावीकडचा पांढऱ्या दाढीचा, उजवीकडची अगदी तरुण मुलगी. कोंगांच्या दोन जोड्या एका बाजूला, टिंबाली दुसऱ्या बाजूला.

‘ॲक्नॉलेजमेंट’ हा पहिला भाग गाँगच्या ठोक्याने सुरू होतो, मग टेनरची उंचावरून आलेली हाक, मग बास चार स्वरांचा तो तुकडा धरतो, ज्यावर सगळं उभं आहे. इथे म्हाताऱ्या वादकाने चार स्वर धरले आणि मुलीने गज लावून त्याखाली एकच खर्जाचा स्वर लांबवला. पहिल्याच मिनिटाला अंगावर काटा आला. तबकडीत जे पोकळ सोडलेलं आहे तिथे जमीन आली होती.

या भागात कोल्ट्रेन तोच चार स्वरांचा तुकडा बाराही पट्ट्यांमधून फिरवतो. कुठूनही निघा, तिथेच पोचाल, असं सांगितल्यासारखं. हस्तलिखितात सगळ्या वाटा ईश्वराकडे जातात या अर्थाची नोंद आहे, ती याच रचनेसाठी. वादिकेने तुकडा फिरवला तो घाई न करता, दर पट्टीत क्षणभर थांबून. मागे कोंगा गोलाकार चालत होते. इथपर्यंत उत्तम.

मग गजर. तबकडीत शेवटी कोल्ट्रेन स्वतःच्या आवाजात ‘अ लव्ह सुप्रीम’ हे शब्द त्याच चार स्वरांवर घोळतो. इथे नऊही जणांनी एकदम म्हणायला सुरुवात केली आणि दोन आवर्तनांत निम्मं सभागृह त्यात सामील झालं. मला ते पटलं नाही. मूळ आवाज संकोची आहे, जवळजवळ पुटपुटणारा. प्रार्थना चारचौघांत म्हणायला सुरुवात करताना कंठ जसा दबतो तसा. त्याचा मेळावा झाला की त्यातला एकटा माणूस हरवतो. आणखी एक नाजूक गोष्ट त्या गलक्यात बुडाली: गजर चालू असतानाच त्याची पट्टी एका पायरीने खाली सरकते, दुसऱ्या भागाच्या पट्टीत नेऊन ठेवते. तबकडीत ती जागा फार सुंदर आहे. इथे सरकणं लोकांना कळलंच नाही, ते जुन्याच पट्टीत म्हणत राहिले.

‘रेझोल्यूशन’मध्ये टिंबालीने घोटाळा केला. धातूचं वाद्य, आवाज टोकदार, त्यात चर्चचं घुमणं. टायनरच्या जागी बसलेला पियानोवादक डाव्या हाताने जड स्वर टाकत होता, तो मधेमधे दिसत होता, ऐकू येत नव्हता.

आणि मग ‘पर्सुअन्स’ने सगळं भरून काढलं. मूळ तबकडीत इथे एल्विन जोन्स एकटा दीडेक मिनिट वाजवतो. इथे ड्रम्स, दोन्ही कोंगा आणि टिंबाली अशी चार माणसं आळीपाळीने आणि नंतर एकत्र आली. माझा भाऊ सरसावून बसला. मांडीवर बोटं. हा भाग ब्लूजच्या साच्यात आहे, चार-चार मात्रांचे बारा गट, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन. वेग भन्नाट. थोड्या वेळाने तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “सम सापडली.” पुढच्या तीन-चार आवर्तनांना तो बरोबर समेवर मान देत होता, आणि पलीकडचा कोंगावादक ते पाहून त्याच्याकडे हसला.

त्याच भागाच्या शेवटी बासचं लांब एकल वादन येतं. इथे दोघांनी ते वाटून घेतलं. तिचा गज, त्याची बोटं. ती स्वर लांबवायची, तो त्याचे तुकडे करायचा. एकदा तो थांबला आणि तिला पुढे जाऊ दिलं. पूर्ण एक मिनिट त्याने वाद्याला हात लावला नाही, तिच्या डाव्या हाताकडे बघत राहिला. त्या दोघांना ऐकून मला पहिल्यांदा खात्रीने वाटलं की कागद बरोबर होता.

‘साम’ला मी वेष्टनाची छापील प्रत काढली आणि बोट ठेवून ओळी वाचत गेले. सॅक्सोफोन शब्दाबरोबर शब्द चालला होता. तबकडीत आहेत तेच स्वर, तीच वळणं. श्वासही तिथेच. शुद्ध, निष्कलंक काम. आणि मी थोडी दूर सरकले. पहिले तीन भाग तिने स्वतःचे केले होते, चौथ्यात ती कोल्ट्रेनच्या मागे उभी राहून वाचत होती.

रविवार : डिक्स हिल्स, पुन्हा हार्लेम

लाँग आयलंडची लोकल, मग टॅक्सी. डिक्स हिल्स हे झाडांनी भरलेलं उपनगर. इथे कँडलवूड पाथवर एक बैठं घर आहे, वर एक छोटा मजला. १९६४ मध्ये कोल्ट्रेन आणि ॲलिस (पुढे त्याची पत्नी) इथे राहायला आले. २००४ मध्ये हे घर पाडायला निघालं होतं, स्थानिक लोकांनी ते थोपवलं आणि पुढे हंटिंग्टनच्या प्रशासनाने ते विकत घेतलं. बाहेरून भोवती फिरता आलं. तेवढ्यासाठीच आले होते.

१९६४ च्या उन्हाळ्याच्या शेवटी तो वरच्या खोलीत गेला आणि पाच दिवस जवळजवळ खालीच आला नाही. ॲलिसने नंतर सांगितलं आहे की तो उतरला तेव्हा डोंगरावरून उतरणाऱ्या मोझेससारखा दिसत होता, आणि सगळी रचना पहिल्यांदाच एकसंध मिळाली असं म्हणाला. घरात तेव्हा तान्हं मूल होतं. पुढच्या वर्षी रवीचा जन्म झाला, त्याचं नाव रविशंकरांवरून ठेवलं. हा रवी कोल्ट्रेन आज स्वतः नावाजलेला सॅक्सोफोनवादक आहे, आणि वडिलांचा एक टेनर सॅक्सोफोन त्याने २०१४ मध्ये स्मिथसोनियनला दिला.

ॲलिसविषयी आपल्याकडे फार कमी लिहिलं जातं याची मला खंत आहे. पियानो आणि हार्प वाजवणारी ही बाई कोल्ट्रेनच्या मृत्यूनंतर चार मुलांना वाढवत याच घराच्या तळघरातल्या स्टुडिओत स्वतःचं संगीत करत राहिली. ‘जर्नी इन सच्चिदानंद’चा बराचसा भाग नोव्हेंबर १९७० मध्ये इथे ध्वनिमुद्रित झाला. त्यात तंबोरा आहे, आणि तो शोभेपुरता नाही, पहिल्या क्षणापासून सगळे स्वर त्याच्यावर उभे राहतात. ‘अ लव्ह सुप्रीम’ पुढे कुणी नेली असेल तर ती ॲलिसने, असं माझं मत आहे, आणि घराला फेरी मारताना ते आणखी पक्कं झालं. एकाच छताखाली वरच्या खोलीत एक आणि तळघरात दुसरी.

परतीच्या लोकलला उशीर झाला. हार्लेमला पोचले तेव्हा भाऊ बाकावर जागा धरून बसलेला होता. दुसऱ्या दिवशी यायचं त्याचं आधी ठरलेलं नव्हतं.

मंचावर कालची टिंबाली होती, पण पहिले दोन भाग वादक हात मांडीवर ठेवून बसून राहिला. ‘ॲक्नॉलेजमेंट’चा गजर एकट्या पांढऱ्या दाढीवाल्याने म्हटला, माइकपासून दूर, बासवर वाकलेला असतानाच. लोक म्हणू लागले तेव्हा वादिकेने तळवा किंचित खाली केला आणि सभागृह शांत झालं. पट्टी सरकली ती आज लख्ख ऐकू आली. माझ्या पुढच्या बाकावरच्या बाईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं, ऐकलंस ना, अशा अर्थी.

‘रेझोल्यूशन’ मोकळा झाला, पियानोला वाव मिळाला. ‘पर्सुअन्स’मध्ये कालची झळाळी नव्हती. एकदा कोंगा आणि ड्रम्स वेगळ्या समेवर आले आणि सावरायला वेळ लागला. भावाने दात विचकले.

‘साम’ सुरू झाला. मी पुन्हा कागद उघडला आणि दोन ओळींतच बोट अडखळलं. स्वर कालचे नव्हते. मला वाटलं, तिने कविता सोडून दिली. मग ऐकत राहिले आणि लक्षात आलं की अक्षरं जुळताहेत. जिथे शब्द दोन अक्षरी तिथे दोन स्वर, जिथे ओळ संपते तिथे श्वास. प्रार्थना तीच होती, चाल तिची होती. ‘थँक यू गॉड’ आलं की मात्र ती दर वेळी खाली उतरून त्याच षड्जावर टेकायची. आजूबाजूच्या ओळींत ती कुठेही जायची, एकदा तर फार वर, सॅक्सोफोन चिरकेल इतकी वर, पण त्या तीन शब्दांना घरी. मागे ड्रमवादक मऊ गोळ्यांच्या काठ्यांनी मोठ्या नगाऱ्यांवर घुमार धरून होता, दोन्ही बास गजावर. ट्रंपेटवाल्याने शेवटपर्यंत वाजवलं नाही.

काल मला या भागात जे कमी वाटलं होतं ते हेच. कोल्ट्रेनने प्रार्थना आपल्या पद्धतीने वाचली. दुसऱ्याला ती जिवंत करायची असेल तर त्याने प्रार्थनाच वाचायला हवी. कोल्ट्रेनचं वाचन पाठ म्हणून दाखवणं, कितीही निर्दोष असलं तरी, वेगळी गोष्ट आहे. हस्तलिखितावरून नऊ वाद्यं मोजून घेण्यापेक्षा हे कितीतरी अवघड, आणि मला वाटतं की ताफ्याने खरा कागद वाजवला तो रविवारी, चौथ्या भागात.

नंतर लोक पांगल्यावर पांढऱ्या दाढीच्या वादकाशी बोलता आलं. तो वाद्याला खोळ चढवत होता. चाल बदलायचं कधी ठरलं, असं विचारलं. म्हणाला, दुपारी. वादिकेने सगळ्यांना एवढंच सांगितलं की षड्ज सोडू नका, बाकी मी बघते. काल घरी जाऊन ती रात्रभर कविता मोठ्याने वाचत बसली होती म्हणे.

भावाने टिंबालीचा विषय काढला. काल पहिल्या दोन भागांत नको होती, आज नव्हती ते बरं झालं, असं स्पष्टच सांगितलं. म्हातारा हसला नाही, विचारात पडला. म्हणाला, “वाद्य कागदावर आहे, पण कुठे वाजवायचं ते लिहिलेलं नाही. पुढच्या वेळी दुसऱ्या भागात नुसत्या काठावर, हाताने वाजवून बघणार आहोत. डिसेंबरमध्ये या.”